व्हीलचेअर घेऊन मालवणला

"व्हीलचेअरवरच्या माणसाला मालवणला नेता येईल का?"

मुंबई-पुण्यात राहणाऱ्या चाकरमान्यांच्या घरांत हा प्रश्न हमखास निघतो. पक्षाघातानंतर आईची एक बाजू लुळी पडलेली असते, अपघातात मुलाच्या मणक्याला इजा झालेली असते, किंवा आजोबांचे गुडघे आता दहा पावलांपलीकडे साथ देत नाहीत. हॉटेलला फोन केला की उत्तर येतं, "या की, सगळी सोय आहे." गावच्या माणसाला विचारलं तर तो म्हणतो, "काय काळजी करू नका, आमी उचलून नेतलव." दोन्ही उत्तरं मनापासूनची असतात, पण दोन्हींच्या भरवशावर सहल आखता येत नाही.

उचलून नेणं म्हणजे सोय नव्हे, हे या प्रकरणाचं पहिलं गृहीतक आहे. लुळ्या पडलेल्या खांद्याला काखेत धरून उचललं तर सांधा निखळू शकतो. मणक्याच्या रुग्णाला बऱ्याचदा पायांची संवेदना नसते, त्यामुळे पाय कुठे घासला हे त्यालाच कळत नाही. शिवाय चार माणसं गोळा झाल्याशिवाय जो हलू शकत नाही, त्याने "मला अजून थोडा वेळ समुद्र बघायचाय" असं कुणाला आणि किती वेळा म्हणायचं? म्हणून पुढे जिथे जिथे "जाता येतं" असं लिहिलं आहे, तिथे खुर्चीच्या चाकांवरून जाता येतं असाच अर्थ घ्यावा.

१. सहल कुठे अडते

व्हीलचेअरची सहल माडाच्या बागेतल्या पाटासारखी असते. पाट एके ठिकाणी तुंबला की पुढची सगळी झाडं कोरडी राहतात, मागे कितीही पाणी असो. रेल्वे छान, गाडी छान, खोली छान आणि न्हाणीघराचं दार चार सेंटीमीटरनी अरुंद, एवढ्यानेच तीन दिवसांचा मुक्काम मोडतो. आखणी करताना म्हणूनच शेवटाकडून मागे यावं. आधी संडास-न्हाणीघर, मग झोपायची खोली, मग घराची पायरी, मग गाडी, मग स्टेशन. समुद्र सगळ्यात शेवटी. तो कुठे जात नाही.

या साखळीतली प्रत्येक जागा तपासायला दोन आकडे पुरतात: बारा आणि नव्वद.

२. बाराचा हिशोब

पायरीऐवजी उतार करायचा तर तो किती लांब हवा? भारतात सार्वजनिक इमारतींसाठी ठरलेलं प्रमाण एकास बारा आहे. उंची एक हात असेल तर उताराची लांबी बारा हात.

कोकणातलं घर घ्या. खळ्यातून पडवीवर चढायला प्रत्येकी १५ सेंटीमीटरच्या चार पायऱ्या, म्हणजे जोत्याची उंची ६० सेंटीमीटर. ६० गुणिले १२ म्हणजे ७२० सेंटीमीटर, सव्वासात मीटरच्या आसपास. खळं प्रशस्त असेल तर एवढी जागा मिळते, आणि सरळ मिळाली नाही तर मध्ये दीड मीटरचा सपाट टप्पा ठेवून उतार वळवता येतो.

बाराच का, हे कळायला एक सोपा हिशोब करू. माणूस आणि खुर्ची मिळून ९० किलो धरा. एकास बारा उतारावर ढकलणाऱ्याला साधारण ९० भागिले १२, म्हणजे साडेसात किलो उचलण्याइतका जोर लागतो. घरातली कुणीही बाई तेवढा लावू शकते, आणि हातांत बळ असलेला माणूस स्वतःची खुर्ची स्वतः चढवू शकतो. उतार एकास सहा केला की जोर पंधरा किलो होतो. मालवाहू टेम्पोला लावतात तशी फळी पायऱ्यांवर टाकली तर उतार एकास दोन-तीनच्या घरात जातो आणि जोर तीस-पंचेचाळीस किलोंवर. त्या फळीवर खुर्ची मागे उलटण्याचा धोका खरा असतो. हॉटेलवाला "रॅम्प आहे" म्हणाला की पुढचा प्रश्न हाच: उंची किती आणि लांबी किती?

३. नव्वदचा हिशोब

दाराची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर असावी. साधी हाताने चालवायची खुर्ची बाहेरून बाहेर ६२ ते ६८ सेंटीमीटर रुंद असते, वर चाक फिरवणाऱ्या हातांच्या कोपरांना जागा लागते.

फसगत होते ती मापाच्या पद्धतीत. सुतार "अडीच फुटी दार" म्हणतो तेव्हा तो चौकटीच्या बाहेरून बाहेर मोजतो, म्हणजे ७६ सेंटीमीटर. चौकटीची लाकडं दोन्हीकडून सहा-सहा धरली तर उरले ६४. दार उघडल्यावर फळीची जाडी तीन-चार सेंटीमीटर खाते. हाती येते साठच्या आसपासची फट, आणि तिच्यातून ६४ची खुर्ची जात नाही. आपल्याकडच्या बहुतेक न्हाणीघरांना हेच अडीच फुटी दार असतं. म्हणून फोनवर सांगावं, दार पूर्ण उघडा, टेप घ्या, दाराच्या फळीपासून समोरच्या चौकटीपर्यंत मोजा आणि फोटो पाठवा. कोकणातले यजमान हे आनंदाने करतात. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं, इतकंच.

आत गेल्यावर खुर्ची वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते. कमोडची उंची ४५ ते ४८ सेंटीमीटर असली तर खुर्चीच्या बैठकीवरून बाजूने सरकता येतं. त्यासाठी कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावण्याइतकी जागा आणि भिंतीत पक्का बसवलेला आडवा दांडा हवा. टॉवेल अडकवायचा दांडा त्या कामाचा नाही, माणसाचं वजन पडलं की तो भिंतीतून निघतो. उंबरठाही विसरू नये. जुन्या घरांत तो दहा-पंधरा सेंटीमीटर उंच असतो, आणि बाराच्या हिशोबाने त्यालाही दोन्ही बाजूंना १२० ते १८० सेंटीमीटर उतार लागतो.

४. ओरोसला मुक्काम का

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला आणि ओरोसला नवं मुख्यालय वसवलं गेलं, ते सिंधुदुर्गनगरी. १९९७ साली हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा जाहीर झाला. पर्यटक मात्र ओरोसला थांबत नाहीत, थेट तारकर्लीच्या किनाऱ्याकडे जातात. व्हीलचेअरच्या सहलीसाठी मी ओरोस-कुडाळ पट्ट्याचा विचार आधी करायला सांगेन. जिल्हा रुग्णालय ओरोसलाच आहे, मुंबई-गोवा महामार्ग आणि रेल्वे स्थानक हाताशी आहेत, आणि मालवण व सावंतवाडी दोन्ही साधारण तासाभराच्या अंतरावर. देवबागसारखी गावं फार सुंदर आहेत, पण एका बाजूला कर्ली नदी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र अशा चिंचोळ्या पट्टीवर ती वसली आहेत. तिथल्या वाटा अरुंद, अनेक घरांच्या दारात वाळू. मूत्रमार्गाच्या नळीचा त्रास किंवा ताप रात्री अकराला उद्भवला तर जवळ काय असावं, हे ठरवूनच मुक्काम निवडावा.

रेल्वेने येणाऱ्यांसाठी सवलत चांगली आहे. सोबत्याशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या अस्थिव्यंग प्रवाशाला स्लीपर आणि थ्री-टियर वातानुकूलितमध्ये ७५ टक्के, तर फर्स्ट आणि टू-टियर वातानुकूलितमध्ये ५० टक्के सूट मिळते आणि एका सोबत्यालाही तेवढीच. त्यासाठी रेल्वेचं सवलतपत्र आधी काढून ठेवावं लागतं.

अडचण तिकिटात नसते, दारात असते. उंच फलाट रुळांपासून ७६ ते ८४ सेंटीमीटरवर, तर डब्याची जमीन सव्वा मीटरच्या आसपास. म्हणजे फलाटावर पोहोचूनही चाळीस-पन्नास सेंटीमीटर चढायचं उरतंच. नेहमीच्या डब्यातल्या वाटेतून खुर्ची आत जात नाही. दिव्यांगांसाठीच्या डब्याला रुंद दार असतं, पण तो गाडीच्या टोकाला असतो. गाडी लहान स्थानकात दोनेक मिनिटं थांबते. म्हणून डबा फलाटावर नेमका कुठे येतो हे आधी विचारून तिथेच उभं राहावं, आणि उतरण्याच्या स्थानकावर व्हीलचेअर व मदतनीस हवा असल्याची मागणी १३९ वर आदल्या दिवशीच नोंदवावी.

कोकण रेल्वेची आणखी एक खासियत ध्यानात ठेवावी. मार्ग बहुतांश एकेरी आहे, त्यामुळे समोरून येणाऱ्या गाडीला वाट देण्यासाठी आपली गाडी कधी कधी दुसऱ्या फलाटावर घेतात. तिथून बाहेर यायला पूल चढावा लागला तर सगळी आखणी कोसळते. उतरण्यापूर्वीच्या मोठ्या स्थानकावर तिकीट तपासनिसाकडून फलाट विचारून घ्यावा. मडगावची वंदे भारत कणकवलीला थांबते, आणि तिच्या टोकाच्या डब्यांत व्हीलचेअरसाठी जागा व रुंद स्वच्छतागृह असतं. ते परवडत असेल तर कणकवलीला उतरून ओरोसला मोटारीने येणं सोयीचं. विमानाने यायचं तर गोव्यातला मोपा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू आहे आणि तिथून सावंतवाडी जवळ पडते. विमान कंपनीला निदान ४८ तास आधी कळवावं. खुर्ची विमानात मोफत नेतात, पण विजेवर चालणारी असेल तर बॅटरीचा प्रकार आणि क्षमता आधी सांगावी लागते.

५. वाळू आणि तिथी

आता समुद्र. कोरड्या वाळूत चाक का रुततं? वजन तेच असलं तरी ते किती जागेवर पसरतं यावर रुतणं ठरतं. खुर्चीची पुढची दोन चाकं लहान आणि दोन-तीन सेंटीमीटर रुंदीची. तेवढ्याशा जागेवर पंचवीस-तीस किलो भार आला की ती वाळूत नांगरासारखी शिरतात. म्हणून वाळूत खुर्ची पुढे ढकलू नये. मागे कलती करून पुढची चाकं उचलावीत आणि मोठ्या चाकांवर उलटी ओढत न्यावी. फुग्यासारख्या जाड चाकांच्या खास खुर्च्या यासाठीच असतात.

पाण्यालगतची ओली वाळू मात्र निराळी. कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांशी धरून ठेवतं आणि पृष्ठभाग घट्ट होतो. तारकर्लीला ओहोटीच्या वेळी मुलं तिथे क्रिकेट खेळतात आणि सायकली पळवतात. साधी व्हीलचेअरही तिथे चालते. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच की ती घट्ट वाळू संध्याकाळी, ऊन उतरल्यावर उघडी कधी असते?

याचं उत्तर कालनिर्णयात आहे. चंद्राच्या ओढीने दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येते. किनाऱ्यावरचे लोक त्याचा तोंडी हिशोब करतात: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा ठोकताळा आहे. किनाऱ्याने दक्षिणेकडे यावं तशी भरती थोडी आधी येते, म्हणून मालवणात नेमकी वेळ रापणीवाल्याला किंवा होडीवाल्याला विचारावी.

यावरून सहलीची तारीख काढू. अष्टमीला संध्याकाळी सहाला ऐन भरती, घट्ट वाळू पाण्याखाली आणि खुर्ची कोरड्या वाळूत अडकलेली. उलट पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराची भरती, तर साडेपाचच्या आसपास ओहोटी. डिसेंबरात सूर्य सहा-सव्वासहाला बुडतो. शिवाय याच दिवसांत उधाण असतं, म्हणजे भरतीला पाणी नेहमीपेक्षा वर येतं आणि ओहोटीला नेहमीपेक्षा खूप मागे जातं. पाण्याची पातळी दोन मीटर खाली गेली आणि किनाऱ्याचा उतार दर तीस मीटरला एक मीटर धरला, तर साठ मीटर रुंदीची घट्ट वाळू उघडी पडते. त्यानंतरच्या प्रतिपदा-द्वितीयेला तर संध्याकाळी पाणी ओसरतच असतं, त्यामुळे आपण बसलेले असताना जागा कमी होत नाही, वाढत जाते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली पौर्णिमा किंवा अमावास्या आणि पुढचे दोन दिवस, ही माझ्या मते सगळ्यात चांगली वेळ. भरतीच्या आत परतायचं, एवढं पथ्य पाळावं.

उरतो रस्ता आणि ओली वाळू यांमधला कोरडा पट्टा. मालवण शहरातल्या चिवला किनाऱ्यावर रस्ता वाळूच्या अगदी जवळून जातो, त्यामुळे हा पट्टा लहान पडतो. पाण्यापर्यंत गेलं नाही तरी रस्त्यावरूनच समुद्र पुरेसा जवळ आहे. तारकर्लीला पट्टा मोठा. तिथे जाड चटया अंथरून त्यांवरून खुर्ची नेता येते, आणि काथ्याच्या कोकणाला अशा चटयांची वाण पडू नये. चेन्नईच्या मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये २६३ मीटर लांबीचा लाकडी रस्ता पाण्याजवळपर्यंत बांधला गेला. दोनच आठवड्यांत मंदौस चक्रीवादळाने त्याची मोडतोड केली आणि तो पुन्हा दुरुस्त करावा लागला. आपल्याही किनाऱ्याला वादळं नवी नाहीत. पावसाळ्यापूर्वी गुंडाळून ठेवता येईल अशी चटई म्हणून मला इथे जास्त शहाणपणाची वाटते.

किनाऱ्यावरून परतल्यावर चाकांचे बेअरिंग गोड्या पाण्याने धुऊन, पुसून, तेल द्यावं. आणि मणक्याच्या रुग्णाला दुपारच्या उन्हात बसवू नये. इजेच्या खालच्या भागात घाम येण्याची क्रिया बिघडलेली असू शकते, त्यामुळे शरीर तापत जातं आणि त्याला ते उशिरा कळतं.

६. दोन तळी आणि एक किल्ला

समुद्राचा एवढा खटाटोप नको असेल तर तळ्याकाठी जावं. मालवण तालुक्यातलं धामापूरचं तळं १५३० साली विजयनगरच्या आधिपत्याखालच्या नागेश देसाईंनी बांध घालून तयार केलं. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता दिली. गर्द झाडी, काठावर भगवतीचं देऊळ. व्हीलचेअरला मात्र पाण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या अडवतात. बांधावरून वरूनच तळं पाहायचं, या तयारीने जावं.

सावंतवाडीचा मोती तलाव त्या मानाने सोपा. तो भर शहरात आहे, काठाने रस्ता आणि पदपथ आहे, समोर राजवाडा. खुर्ची सावकाश ढकलत संध्याकाळ काढता येते आणि चितारआळीत रंगीत लाकडी खेळण्यांच्या दुकानांसमोर रेंगाळता येतं. आजी-आजोबांना घेऊन जाणाऱ्यांनी पहिला दिवस इथेच घालवावा.

सिंधुदुर्ग किल्ल्याबद्दल स्पष्ट सांगायला हवं. नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी त्याची पायाभरणी केली. होडीत चढणं, हलत्या होडीतून उतरणं, मग वाळू आणि दगडी पायऱ्या, असे सगळे अडथळे एकामागोमाग आहेत. आजच्या घडीला तिथे चाकांवरून जाता येत नाही. मालवणच्या धक्क्यावरून तट समोर दिसतो, तेवढं जरूर पाहावं.

७. युरोपात काय वेगळं आहे

स्लोव्हेनियातल्या ब्लेड तळ्याभोवती सुमारे सहा किलोमीटरची वाट आहे, पण तळ्यातल्या बेटावरच्या चर्चला जायला ९९ दगडी पायऱ्या चढाव्या लागतात. स्वित्झर्लंडने सार्वजनिक वाहतूक दिव्यांगांसाठी सुगम करायला २०२३च्या अखेरची कायदेशीर मुदत ठेवली होती. अनेक स्थानकं त्या तारखेला अपुरीच राहिली. म्हणजे तिथेही पायऱ्या आहेत आणि तिथेही मुदती चुकतात.

खरा फरक माहितीत आहे. जर्मनीत 'राइझन फ्युअर आले' या योजनेत प्रशिक्षित माणसं हॉटेलांत जाऊन दारं, उतार, कमोडच्या बाजूची जागा मोजतात आणि ती मापं जाहीर होतात. प्रवासी घरी बसून स्वतःच्या खुर्चीशी ताडून पाहतो. ग्रीसच्या अनेक किनाऱ्यांवर 'सीट्रॅक' नावाची सौरऊर्जेवर चालणारी खुर्ची रुळांवरून माणसाला थेट पाण्यात नेते, आणि ती तो स्वतः चालवतो. ते यंत्र उद्या आपल्याकडे येईल न येईल. मापं लिहून ठेवायला मात्र टेप आणि वही पुरते.

८. घरमालकांसाठी

आपल्याकडे दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी प्रकरणात सांगितलं की सुगमतेचे निकष नुसते शिफारशीच्या स्वरूपात ठेवून चालणार नाही, किमान काही नियम बंधनकारक हवेत. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात साडेएकोणतीस लाखांहून जास्त दिव्यांग नोंदले गेले. त्यांच्या घरची माणसं धरली की हे केवढे पाहुणे आहेत याचा अंदाज येईल. याच जिल्ह्यात, कुडाळ तालुक्यात, नसीमा हुरजूक यांच्या कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेने 'स्वप्ननगरी'त दिव्यांगांसाठी काजूप्रक्रियेचा उद्योग उभा केला. चाकांवरची माणसं जिथे राहतात आणि राबतात अशी जागा कोकणात कशी बांधावी, हे पाहायला लांब जायला नको.

निवास-न्याहारी चालवणाऱ्याने सगळं घर बदलायची गरज नाही. तळमजल्याची एक खोली निवडावी. खळ्यातून तिच्यापर्यंत चिऱ्याचा, वरून खरखरीत सिमेंट केलेला एकास बारा उतार घालावा. कोब्याला गुळगुळीत घोटाई करू नये, पावसात शेवाळ धरलं की चाक आणि पाय दोन्ही सरकतात. न्हाणीघराचं दार रुंद करून बाहेर उघडणारं करावं. आत माणूस पडला तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगाला अडतं. कमोडशेजारी दांडा बसवताना भिंत चिऱ्याची असेल तर लांब बोल्ट आरपार घ्यावेत आणि पाहुणा येण्याआधी स्वतः त्याला लोंबकळून पाहावं. मग दाराची मोकळी रुंदी, उताराची उंची-लांबी, कमोडची उंची आणि पलंगाची उंची अशी चार मापं फोटोंसह फोनमध्ये ठेवावीत, आणि पुढच्या वेळी कुणी विचारलं की ती पाठवावीत.